मी तुमचा डबा का खात नाही?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

गेल्या वर्षीची गोष्ट. प्रथम वर्षाचे वर्ग सुरू होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. मधल्या सुट्टीत आम्ही पाच-सहा मैत्रिणी ओट्यावर डबे उघडून बसलो होतो. एकीने आपल्या पोळीचा तुकडा मोडून, त्यात वांग्याची भाजी धरून घास माझ्यापुढे केला. मी हात मागे घेतला. म्हणाले, "नको गं, पोट भरलं." दुसऱ्या दिवशी तेच झाले, तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी ती आमच्यात न बसता दूर जाऊन बसली. मी जवळ गेले तेव्हा मान वर न करता तिने विचारले, "आमच्या घरचं तुला चालत नाही का?"

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो आणि गुरुजनहो, हा प्रश्न किती जुना आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. आपल्या समाजात कोणी कोणाच्या घरचे अन्न नाकारले की त्याचा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या एकच होत आला. तिने तो अर्थ घेतला यात तिची चूक नव्हती. चूक माझी होती, कारण मी खरे कारण लपवले होते. त्या दिवशी तिला जे सांगितले तेच आज वार्षिकांकाच्या निमित्ताने सर्वांना सांगते आहे.

मला सिलियाक नावाचा आजार आहे. गहू आणि गव्हापासून झालेली कोणतीही वस्तू मला चालत नाही. पोळी, पुरी, रवा, मैदा, शेवया, बिस्किट, पाव, यांपैकी काहीही नाही. थोडेसेही नाही, आणि जन्मभर नाही.

मी नागऱ्याची. आमचे गाव गोंदियापासून सायकलने यावे इतके जवळ आहे. तेथील प्राचीन शिवमंदिर आणि महाशिवरात्रीची यात्रा तुम्हांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. आमची दोन एकर धानाची शेती आहे. हंगाम संपला की बाबा राईस मिलमध्ये पोती उचलतात आणि आई बिड्या वळते. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. लहानपणी आमच्या घरी तिन्ही त्रिकाळ भात असे. पोळी व्हायची ती सणाला किंवा पाहुणा आला तर. त्यामुळे पोळी ही मोठ्या लोकांची वस्तू, असे मला लहानपणी वाटत असे. मी अंगाने बारीक होते, पोट अधूनमधून बिघडे, तोंड येई. पण खेड्यात अशा पोरी पुष्कळ असतात. कोणी त्याची दखल घेतली नाही.

दहावीला बरे गुण मिळाले म्हणून अकरावीसाठी मला नागपूरला मामाकडे ठेवले. मामी फार मायाळू. माझी हाडे पाहून तिचा जीव तुटे. "भात खाऊन का ताकद येते पोरी? दोन पोळ्या जास्त खा," म्हणून ती तव्यावरची गरम पोळी माझ्या ताटात टाकायची. सकाळी दलिया, चहासोबत बिस्किटे, दोन्ही वेळा पोळ्या. माझे जुलाब वाढले तशी तिने गव्हाच्या सत्त्वाची खीर सुरू केली. मी अधिकच खंगले. वर्गात फळ्यावरची अक्षरे फिरत. जिना चढताना दम लागे. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत नागऱ्याला आले की महिन्याभरात पोट निवळे, चेहऱ्यावर थोडा रंग येई. सगळे म्हणत, पोरीला आईची आठवण येते, शहर मानवत नाही.

रक्त तपासले तेव्हा ते फार कमी निघाले. आमच्या भागात एखाद्या मुलीचे रक्त कमी निघाले की पहिली शंका सिकलसेलची येते, आणि ती यायलाच हवी. पूर्व विदर्भात तो आजार पुष्कळ घरांत आहे. त्याच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ रोजी देशभराची मोहीमही सुरू झाली. माझी ती तपासणी झाली आणि सिकलसेल नाही असा कागद हाती आला. घरात सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि शोध तिथेच थांबला. शाळेत दर आठवड्याला निळी गोळी मिळे. आता लोहाच्या गोळ्या रोजच्या झाल्या. पण गोळ्या घेऊनही रक्त काही वाढेना. "बरोबर घेत नसशील," असे मला ऐकावे लागले. मी तर एकही चुकवली नव्हती.

शेवटी बारावीच्या वर्षी एका डॉक्टरांनी मला असा प्रश्न विचारला, जो आधी कोणी विचारला नव्हता. "गावी गेलीस की काय खातेस?" मी म्हटले, "भात." ते थोडा वेळ गप्प राहिले आणि त्यांनी रक्ताची एक निराळी तपासणी लिहून दिली. पुढे दुर्बिणीने लहान आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासला आणि निदान पक्के झाले.

हा आजार म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणीक मळली की तिला जो चिवटपणा येतो तो याच प्रथिनाचा. काही माणसांच्या शरीरात हे प्रथिन गेले की शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणा आपल्याच लहान आतड्यावर उलटते. लहान आतड्याच्या आतील बाजूस मखमलीसारखी बारीक लव असते आणि अन्नातील सत्त्व तीच शोषून घेते. ती लव झडून सपाट होते. मग पोटभर खाल्ले तरी अंगी लागत नाही, आणि लोहाची गोळी घेतली तरी तिचा फारसा उपयोग होत नाही. कोणाला जुलाब होतात, कोणाचे रक्त कमी होते, कोणाची उंची खुंटते, कोणाची हाडे ठिसूळ होतात. काहींना तर पोटाचा त्रास जाणवतही नाही. हा आजार संसर्गजन्य नाही. लोक त्याला गव्हाची ॲलर्जी म्हणतात, पण ती गोष्ट वेगळी. यावर आजवर औषध निघालेले नाही. ग्लुटेन पूर्ण बंद करणे हाच उपाय. ते केले की बहुतेकांचे आतडे हळूहळू पूर्ववत होते.

जगात सुमारे शंभरात एकाला हा आजार असतो असे मानतात. आपल्या देशात तो गहू खाणाऱ्या उत्तरेकडे अधिक आणि दक्षिणेकडे कमी आढळतो. म्हणूनच आमच्या धानाच्या मुलुखात तो चटकन कोणाच्या ध्यानात येत नसावा.

या आजाराचे कारण कसे सापडले, ती हकीकत मी वाचली तेव्हा मला मामीच्या घराची आठवण झाली. इंग्रज डॉक्टर सॅम्युअल जी यांनी १८८८ मध्ये या रोगाचे नेमके वर्णन केले आणि रोगी बरा व्हायचा तर तो आहारानेच होईल असेही सांगितले. पण कोणता आहार, हे कोणालाच उमजत नव्हते. अमेरिकेत सिडनी हास यांनी १९२४ मध्ये अशा मुलांना केळ्यांवर ठेवले. मुले सुधारली आणि श्रेय केळ्यांना मिळाले! वास्तविक पाव बंद झाला होता म्हणून ती सुधारली होती. हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना मात्र पूर्वीपासून गव्हाचा संशय होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, तेथे भीषण दुष्काळ पडला. लोक ट्युलिपचे कंद खाऊन दिवस काढीत होते. पाव मिळेनासा झाला, आणि या रोगाची मुले मात्र सुधारू लागली. पुढे पाव परत मिळू लागला तशी ती पुन्हा आजारी पडली. डिके यांनी या विषयावरचा आपला प्रबंध १९५० मध्ये प्रसिद्ध केला. नागपूरला पोळी खाऊन आजारी पडायचे आणि नागऱ्याला भात खाऊन बरे व्हायचे, हाच प्रयोग माझ्या शरीराने दोन वर्षे चालवला होता. फरक इतकाच की तो वाचणारा कोणी नव्हता. मामीला हे कळले तेव्हा ती खूप रडली. मी तिला सांगितले आणि आजही सांगते, की तिने मला जे दिले ते माया म्हणूनच दिले.

आता माझ्या जेवणाविषयी. लोक मला विचारतात, "मग तू खातेस तरी काय?" तेव्हा मला हसू येते. धानाच्या जिल्ह्यात असा प्रश्न पडावा? भात, पोहे, मुरमुरे, तांदळाची भाकर, तांदळाच्या पिठाचे चिले, ज्वारीची भाकर, सर्व डाळी, भाज्या, अंडी, तलावातली मासळी, दूध, हे सर्व मला चालते. उपवासाचे पदार्थ तर जवळजवळ सारेच माझे: साबुदाणा, भगर, राजगिरा आणि आपल्या तलावांतले शिंगाडे. शहरातील दुकानांत ग्लुटेनमुक्त पिठाची पाकिटे मिळतात. सरकारी नियमाप्रमाणे अशा पदार्थात एका किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये. पण ही पाकिटे साध्या कणकेच्या कितीतरी पट महाग असतात. माझ्या बाबांच्या मजुरीत ती बसत नाहीत, आणि सुदैवाने मला त्यांची गरजही नाही.

नागपूरला मला काही मुली 'भातखाऊ' म्हणत, आणि मला त्याची लाज वाटे. आता वाटत नाही. आज घरोघरी खाल्ला जाणारा एचएमटी तांदूळ चंद्रपूर जिल्ह्यातील दादाजी खोब्रागडे या तिसरीपर्यंत शिकलेल्या शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात निवडून काढला. ज्या भाताला आम्हीच गरिबाचे अन्न म्हणून कमी लेखले, तोच माझे औषध ठरला.

तथापि, गहू टाळणे दिसते तितके सोपे नाही. तो लपून येतो. डबीतल्या हिंगात पुष्कळदा मैदा मिसळलेला असतो. आलूबोंडा बेसनाचा खरा, पण तो समोशाच्याच तेलात तळतात. चक्कीवर आधी कोणाचे गहू दळले असतील तर माझे तांदळाचे पीठही बिघडते. म्हणून आजीने माळ्यावर टाकलेले जाते खाली काढले. आता माझे पीठ आई त्यावर दळते. माझा तवा वेगळा, पिठाचा डबा वेगळा, कलथा वेगळा.

आणि इथेच खरी अडचण सुरू झाली. "पोरीचा तवा वेगळा," ही बातमी आमच्या आळीत फिरली. भांडे वेगळे ठेवणे याचा आमच्या गावात एकच अर्थ होतो. कोणी म्हणाले, पोरीला काही लागट रोग झाला. कोणी म्हणाले, नागपूरला राहून आली, आता आपल्या हातचे तिला चालत नाही. शेजारी सत्यनारायण होता. प्रसादाचा शिरा रव्याचा. मी हात जोडले, पण प्रसाद घेतला नाही. एका आजीबाईंनी सर्वांसमक्ष विचारले, "कलावतीची गोष्ट ऐकली ना वो? प्रसाद टाकून गेली तर तिच्या नवऱ्याची नाव बुडाली!" सगळ्या बायका माझ्याकडे पाहू लागल्या. मी मान खाली घातली आणि घरी आले. आज वाटते, मी त्या आजींजवळ बसून दोन मिनिटे सांगायला हवे होते. देवाचा प्रसाद कोणाला आजारी पाडण्यासाठी नसतो, हे त्यांना माझ्यापेक्षा अधिक कळले असते. पुढच्या खेपेला मी सांगितले. त्यांनी माझ्या हातावर केळे ठेवले आणि म्हणाल्या, "हे आधी काहून नाही सांगितलं?"

सांगितले नाही, कारण घरातून ताकीद होती. मुलीच्या जातीला आजार आहे हे चारचौघांत बोलायचे नसते. बोलले की सोयरीक जमत नाही. माझ्या आईचे हे म्हणणे खोटे नाही. गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे एक स्थळ आले. मला पदवी पूर्ण करायची आहे, पण घरच्यांनी "नुसते पाहून तर जाऊ दे" म्हटले. पाहुणे यायच्या आधी आईने मला स्वयंपाकघरात घेऊन सांगितले, "आज काही बोलू नको. लग्न झाल्यावर सांगता येईल. चार दिवस पोळी खाल्ल्याने माणूस मरत नाही." मी विचार केला, नव्या घरात नव्या सुनेला पहिल्या दिवशी पुढे आलेले ताट परतवता येईल का? चार दिवसांचे चार महिने होतील. पुन्हा जुलाब, पुन्हा रक्त कमी. मग "आजारी पोर गळ्यात बांधली" म्हणून माझ्या बाबांना ऐकावे लागेल, आणि तेव्हा ते ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नसेल. हा आजार अंगावर काढला तर गर्भपात होऊ शकतात, असेही डॉक्टरांनी सांगितले होते. पथ्य पाळले तर संसार, मुलेबाळे, नोकरी यांत कोणतीही आडकाठी नाही, हेही त्यांनीच सांगितले होते. पथ्य पाळायचे तर आधी ते घरातल्यांना ठाऊक हवे.

पोहे झाले. पोहे मी सुखाने खाल्ले. मग चहाबरोबर बिस्किटे आली आणि मुलाच्या आत्याने प्रेमाने एक माझ्यापुढे केले. मी ते घेतले नाही आणि कारण सांगितले. शांतपणे, चार वाक्यांत. त्या "बरं, बरं" म्हणाल्या. आठ दिवसांनी निरोप आला की मुलगी आजारी आहे, आम्हाला जमणार नाही. मला वाईट वाटले. नाही वाटले असे लिहिले तर ते खोटे होईल. आई माझ्याशी तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी पाण्याला गेली असताना कोणी तरी तिला त्या स्थळाविषयी विचारले. आईने सर्व बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर दिले, "माझ्या पोरीला गहू चालत नाही. बाकी तिला काही झालं नाही." त्या दिवसापासून आमच्या घरात हा विषय दबक्या आवाजात निघत नाही.

या अनुभवांतून माझे एक मत बनले आहे आणि तेच मांडण्यासाठी हा लेख लिहिला. काही आजार माणूस घरात ठेवून भोगू शकतो, पण अन्नाशी संबंधित आजार तसा भोगता येत नाही. कारण आपल्याकडे अन्नाला पोटापलीकडचे अर्थ आहेत. घास नाकारला की समोरचा त्यात जात शोधतो, गर्व शोधतो, देवाचा अपमान शोधतो किंवा मुलीत खोट शोधतो. आपण गप्प राहिलो तर यांपैकी कोणता तरी अर्थ तो घेणारच. म्हणून सांगणे हेच बरे. सांगितल्याने माझे एक स्थळ गेले हे खरे. पण न सांगितल्याने मी एक मैत्रीण गमावत होते, आणि तीही अशा संशयामुळे की जो खरा असता तर मला स्वतःची लाज वाटली असती.

काहीजण म्हणतील, एका मुलीच्या पथ्यासाठी सर्वांनी का विचार करावा? माझे उत्तर असे की मी फार मागत नाही. आपल्या कँटीनमध्ये पोह्यांचा झारा समोशाच्या कढईत बुडवू नये. मेस असो वा शिबिर, भात आणि वरण पोळ्यांच्या आधी वेगळे काढून ठेवता येते. गेल्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात मी पहिल्याच दिवशी सांगून टाकले, आणि स्वयंपाकाच्या गटाने सातही दिवस माझा भात वेगळा काढला. त्यासाठी एक पैसाही जास्त लागला नाही. सरकारकडेही एक मागणे आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसामागे महिन्याला पाच किलो धान्य ठरवून दिले आहे. डॉक्टरांचा दाखला असणाऱ्याला त्याच्या वाट्याचे सर्व धान्य तांदळाच्या रूपाने मिळावे. शहरात ज्याच्याकडे शेत नाही, अशा गरीब रुग्णाला याचा मोठा आधार होईल.

आणि तुम्हांपैकी कोणाचे रक्त गोळ्या घेऊनही वाढत नसेल, पोट वर्षानुवर्षे बिघडत असेल, तर डॉक्टरांना या तपासणीविषयी जरूर विचारा. मात्र तपासणीपूर्वी स्वतःच्या मनाने गहू सोडू नका. तो सोडल्यावर तपासणीत आजार दिसेनासा होऊ शकतो. सख्ख्या भावंडांनीही तपासून घ्यावे. माझ्या धाकट्या भावाची तपासणी झाली. त्याला हा आजार नाही, आणि माझ्या वाटच्या पोळ्या तो मोठ्या आनंदाने खातो!

असो. माझी ती मैत्रीण आता माझ्या शेजारीच बसते. परवा तिच्या आईने भरल्या वांग्यांची भाजी पाठवली आणि वेगळ्या डब्यात भात. डबा उघडण्यापूर्वी तिने सांगितले, "आईने विचारलंय, हिंग घातला नाही, आता चालेल ना?"

मी तो डबा पुसून खाल्ला.